पुण्यात सायकल चालवताना: रस्त्यावरची आपली जागा, आपली देणी आणि अपघात झाला तर काय करायचं

कोथरूडहून शिवाजीनगरला मी चौदा वर्षं सायकलने कामावर जातो. पहिली दोन वर्षं रस्त्याची माफी मागत चालवली. फूटपाथच्या दगडाला पेडल घासेल इतका डावीकडे, मागून हॉर्न वाजला की आणखी आत, चेंबरच्या झाकणावरून धडधडत. त्या दोन वर्षांत तीनदा पडलो. नंतरच्या बारा वर्षांत एकदाच. सायकल तीच आहे. रस्त्यावरची माझी जागा बदलली, आणि पुढे मी काय करणार आहे ते मागच्याला आधी कळवायची सवय लागली.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा आणि डबलसीट दिसली की चाकातली हवा सोडून द्यायचा. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल हे वाहन होतं, म्हणून तिला जाचही वाहनाचाच होता. आज आपल्याला कोणी अडवत नाही, पण कोणी मोजतही नाही. ही मोजणी परत मिळवायची तर सुरुवात स्वतःपासून करावी लागते: आपण वाहन चालवतोय हे आपल्याला पटलं पाहिजे, म्हणजे ते बाकीच्यांना दिसतं.

कायदा सायकलला काय समजतो

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून लायसन्स नको, नोंदणी नको, विमा नको, पीयूसी नको. हेल्मेटची सक्तीही (कलम १२९) मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलवाल्यांसाठी नाही. मी घालतो, कारण डोकं एकच आहे. पेडल मारत चालवायची, ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि २५० वॉटपेक्षा कमी मोटरची बॅटरीवरची सायकलही साधारण याच गटात मोडते. त्याहून दणकट काही घेतलं असेल तर ती सायकल राहत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पण मोटार वाहन नाही याचा अर्थ वाहनच नाही, असा होत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मध्ये वाहनाच्या व्याख्येत सायकल येते. सिग्नल, एकेरी रस्ता, प्रवेशबंदी, डाव्या बाजूने चालवणं, सगळं आपल्यालाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २७९, हयगयीने वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे आणि ते फक्त मोटारींपुरतं नाही. तुमच्या सायकलने एखाद्या आजोबांना पाडलं तर ते तुमच्यावर लागू शकतं. शिवाय सायकलला थर्ड पार्टी विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) नसतो, त्यामुळे भरपाई द्यावी लागली तर ती थेट खिशातून जाते. हे फार कमी सायकलवाल्यांना माहीत असतं.

दुसऱ्या बाजूने, २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमावलीत चालकांवर एक स्पष्ट कर्तव्य टाकलं आहे: पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घ्यायची. सायकलला ओव्हरटेक करताना अमुक फूट अंतर सोडा असा आकडा मात्र आपल्याकडच्या कायद्यात नाही. त्यामुळे ते अंतर मिळवण्याचं काम बरंचसं आपल्या बसण्या-वळण्यावर येऊन पडतं.

निघण्यापूर्वी

इथे फार वेळ घालवत नाही. दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायर अंगठ्याने दाबून बघा, चेन कोरडी नाही ना ते बघा. घंटी हवीच. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसाही लावून ठेवा, विशेषतः पावसाळ्यात आणि उड्डाणपुलाखाली. उन्हातून सावलीत शिरणाऱ्या चालकाला क्षणभर काहीच दिसत नाही. खिशात एका चिठ्ठीवर घरचा नंबर आणि रक्तगट लिहून ठेवा. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.

रस्त्यावर नेमकं कुठे चालवायचं

डावीकडे चालवा म्हणजे गटारात चालवा, असं नाही. कडेच्या पहिल्या दोन-अडीच फुटांत काय असतं ते एकदा थांबून पाहा: रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली चेंबरची झाकणं, वाळू, काचा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, अचानक पाय खाली टाकणारा माणूस. तिथून चालवलं की दर पन्नास फुटांवर तुम्हाला उजवीकडे सरकावं लागतं, आणि तुम्ही कधी सरकाल हे मागच्या रिक्षावाल्याला कळायचा काही मार्ग नसतो. म्हणून कडेपासून साधारण तीन फूट सोडून, सरळ रेघेत चालवा. नागमोडी जाणारा सायकलवाला लोकांना बेभरवशाचा वाटतो. सरळ जाणाऱ्याला ते मोजून ओव्हरटेक करतात.

कडेला गाड्या लावलेल्या असतील तर आणखी बाहेर या. गाडीचं दार पूर्ण उघडलं तर जिथवर येईल, त्याच्याही पलीकडून. बारा वर्षांतलं माझं एकमेव पडणं हेच: कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या अलीकडे एका कारचं दार उघडलं, मी हँडलवरून पलीकडे. उतरणाऱ्या बाईंनी आधी फोन उचलला, मग मला. दार उघडण्याआधी मागे बघणं ही गाडीतल्याची जबाबदारी आहे, वाद नाही. पण मनगट माझं मोडलं होतं. तेव्हापासून थांबलेल्या गाडीच्या आरशात डोकं दिसलं किंवा ब्रेक लाइट नुकताच विझला की मी वेग कमी करतो आणि उजवीकडे होतो.

गल्ली इतकी अरुंद की तुम्ही आणि कार शेजारी मावणारच नाही, अशा ठिकाणी मधोमध चालवा. पेठांमधल्या बोळांत, रस्त्याच्या कामामुळे उरलेल्या एका पट्टीत, पुलाच्या चढावर. हे उद्धटपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण कडेला राहिलात तर मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो घुसतो; कट मारून गेलेल्या कारचा आरसा कोपराला लागतो तो इथेच. मधोमध आलात तर त्याला थांबावंच लागतं. अट एकच, ती पट्टी संपली की लगेच डावीकडे व्हा आणि हात हलवून त्याला पुढे जाऊ द्या. पुण्यात हा हात फार कामी येतो. शिवी तोंडात आलेला माणूसही गोंधळून जातो.

बाजूला सरकण्याआधी दर वेळी तीन गोष्टी, याच क्रमाने: खांद्यावरून मागे पाहा, हात दाखवा, मग सरका. मागे पाहण्याचा सराव रिकाम्या मैदानात करा, कारण नवख्याची सायकल मान वळेल तिकडे वळते. उजवीकडे जायचं तर उजवा हात सरळ बाहेर, डावीकडे तर डावा. थांबायचं असेल तर तळवा खाली करून हात वरखाली. मागे वळून पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. चालकाला तुमचा चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसलेल्या माणसाला चेपणं थोडं अवघड जातं.

चौक

पुण्यात सायकलवाल्याची खरी परीक्षा चौकात. सिग्नलला थांबताना वाहनांच्या फटींतून अगदी पुढे जाण्याचा मोह होतो. पुढे जागा असेल आणि तिथे मोठं वाहन नसेल तर जा, पण झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडेच थांबा. ती जागा पायी जाणाऱ्यांची आहे. तिच्यावर दुचाकी उभ्या असतात म्हणून ती आपली होत नाही.

सरळ जायचं असेल आणि पुढे डावीकडे वळणारा रस्ता असेल तर डाव्या कडेला चिकटून उभे राहू नका. डावीकडे वळणारी गाडी तुम्हाला कापून जाते. लेनच्या मध्यावर उभे राहा, हिरवा पडला की निघा, चौक पार झाल्यावर डावीकडे या.

उजवीकडे वळणं सर्वांत अवघड. रस्ता लहान असेल आणि आत्मविश्वास असेल तर बऱ्याच आधीपासून एकेक टप्पा उजवीकडे सरकत जा. पण विद्यापीठ चौक, अलका टॉकीज चौक, स्वारगेट अशा ठिकाणी मी आजही वळण दोन टप्प्यांत घेतो. सरळ जाणाऱ्यांबरोबर समोरच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे थांबायचं, सायकल वळवून उभी करायची आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघायचं. एक मिनिट जास्त लागतं. फारच गोंधळ असेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत न्या. उतरलात की तुम्ही पादचारी. यात कमीपणा काही नाही.

सिग्नल बंद असेल तर सगळ्यांशी डोळ्यांनीच बोलावं लागतं. डोळे मिळाले नाहीत तर समजा त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही.

बस, डंपर आणि मिक्सर

एकच नियम पाठ करायचा असेल तर हा: अवजड वाहनाच्या डाव्या बाजूला कधी शिरू नका. पीएमपीची बस थांब्याकडे वळली की तिच्या आणि फूटपाथच्या मधे दोन फूट फट दिसते. त्या फटीत प्रवासी उतरणार असतात, आणि बस परत निघताना चालकाला तुम्ही दिसत नाही. बसच्या मागे थांबा. किंवा मागे पाहून, हात दाखवून, उजवीकडून जा.

डंपर आणि सिमेंट मिक्सरचं तर वळणच फसवं असतं. डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून न जाता आतून कापतात. पुढचा भाग तुमच्या पुढे निघून गेला म्हणजे सुटलात असं वाटतं, आणि मागची चाकं कडेला येतात. बांधकामं चाललेल्या बाणेर, बावधन, वाघोली भागांत मी मिक्सरला सरळ पुढे जाऊ देतो. आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप होतं.

नवले पुलाजवळचा बाह्यवळण मार्ग हा उतारावरच्या ट्रकांचा रस्ता आहे. तिथे सेवा रस्त्यानेच जा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, आणि शहरातल्या काही उड्डाणपुलांवर आणि भुयारी मार्गांवरही. लाल गोलात सायकलचं चित्र म्हणजे आपल्याला मनाई. निळ्या गोलात सायकल म्हणजे ती वाट सायकलींची.

सायकल ट्रॅक: असला तर

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं त्यात आखलेलं आहे. कागदावरचा तो नकाशा पाहिला की डोळे भरून येतात. रस्त्यावर उतरलं की वेगळ्या कारणाने येतात. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधमध्ये चांगली कामं झाली. बाकी ठिकाणी ट्रॅक सुरू होतो, बसथांब्यात शिरतो, वीजपेटीला धडकतो, आणि जिथे खरी गरज आहे त्या चौकाच्या अलीकडे संपतो.

ट्रॅक मोकळा आणि सलग असेल तर वापरा. त्यावर गाड्या, भेळेची गाडी किंवा उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी असतील तर मुख्य रस्त्यावर या. मात्र अडथळा आला की ट्रॅकवरून एकदम रस्त्यावर उडी मारू नका. दहा-पंधरा फूट आधी थांबा, मागे पाहा, मग उतरा. ट्रॅकवर माणसं चालत असतील तर घंटी एकदा, हलकी. चिडून उपयोग नाही: त्यांचा फूटपाथ दुकानांनी खाल्लेला असतो, म्हणून ती तुमच्याकडे आलेली असतात.

आपली देणी

आता थोडं आपल्याबद्दल. राँग साइडने येणाऱ्या स्कूटरवाल्यांवर आपण तास तास बोलतो. मीही एका सकाळी प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतून शंभर फूट वाचवायला उलटा आलो. एका आजी नेहमीप्रमाणे वाहनं येतात त्या बाजूला बघून रस्त्यावर उतरल्या. मी ब्रेक मारला, चाक त्यांच्या पिशवीला लागलं, भाजी रस्त्यावर. त्या म्हणाल्या, "सायकलवाले तरी शहाणे असतात असं वाटायचं." पुढचे चार दिवस मी त्या गल्लीने गेलो नाही. एकेरी रस्ता सायकलीलाही एकेरी आहे. उलटं जायचंच असेल तर उतरून चाला.

फूटपाथवर चालवू नका; लहान मुलाला शिकवायला मैदान किंवा सोसायटीचं आवार बरं. कानात इअरफोन घालू नका, कारण मागचं वाहन आपल्याला आधी ऐकू येतं, मग दिसतं. हँडलला पिशव्या लटकवू नका, वळताना त्या चाकात जातात. कुत्रं मागे लागलं तर उतरा आणि सायकल मधे धरून चाला. पळणाऱ्या पिंढऱ्याच त्याला हव्या असतात.

रविवारी सिंहगड किंवा बोपदेव घाटाकडे निघणाऱ्या टोळ्यांनाही सांगायला हवं. तिघं शेजारी गप्पा मारत चालवणं मजेचं असतं, पण दुधाच्या टेम्पोला ओव्हरटेक करायला अख्खा समोरचा रस्ता वापरावा लागतो. गर्दीत एकामागे एक, रिकाम्या रस्त्यावर फार तर दोघं. मोठा गट असेल तर सहा-आठ जणांचे तुकडे करा आणि मधे गाडी शिरेल इतकं अंतर ठेवा. घाट उतरताना तुमचा वेग दुचाकीएवढा होतो आणि ब्रेक मात्र सायकलचे राहतात.

पाऊस आणि अंधार

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पाट्या यांवरून चालवताना ब्रेकही मारू नका आणि वळूही नका. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली काय आहे ते महापालिकेलाही ठाऊक नसतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, तेव्हा घाई असेल त्या दिवशी आधीच दुसरा पूल धरा. अंधारात चमकणारी पट्टी पाठीपेक्षा घोट्यांवर बांधा. वरखाली होणारा पाय लांबून माणूस म्हणून ओळखू येतो.

धक्का लागला तर

हा भाग एकदा शांतपणे वाचून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

पहिलं काम, ताडकन उठू नका. हातपाय, मान हलवून पाहा. कोणी असेल तर रहदारी थांबवायला सांगा आणि मग कडेला या. मार असेल तर १०८ किंवा ११२.

दुसरं, गाडीचा नंबर. चालकाशी वाद घालण्यापूर्वी फोटो काढा किंवा मोठ्याने म्हणा, शेजारचा कोणी तरी लक्षात ठेवतो. मग गाडी, सायकल, रस्ता, सिग्नल, जवळचं दुकान यांचे फोटो. दुकानांच्या कॅमेऱ्यांमधलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून पोलिसांना ते लगेच मागवायला सांगा.

तिसरं, जागेवर तडजोड करू नका. "पाचशे घ्या आणि मिटवा" हे वाक्य ऐकू येईलच. शरीर तापलेलं असताना मार कळत नाही. माझं मनगट मोडल्याचं मला संध्याकाळी कळलं, तोपर्यंत त्या बाई आणि त्यांची कार दोन्ही नाहीशी झाली होती. नंबर मी घेतलाच नव्हता. जखमी माणसाला उपचार मिळवून देणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार धडक देणाऱ्या चालकाचं कर्तव्य आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

चौथं, दवाखान्यात "घसरून पडलो" म्हणू नका. "रस्त्यावर वाहनाने धडक दिली" असंच सांगा, म्हणजे नोंद मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून होते. पुढे दाव्यात हा कागद लागतो. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यांसाठी २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजना आहे: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. सायकलस्वारही तिच्यात येतो, म्हणून नातेवाइकांनी रुग्णालयात ती विचारावीच. जखमीला घेऊन येणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही, साक्षीची सक्ती करू शकत नाही. कलम १३४अ त्यासाठीच आहे. बघ्यांना हे सांगितलं की चार हात पुढे येतात.

पाचवं, पोलीस ठाणं. चौकातला वाहतूक पोलीस मदत करेल, पण गुन्हा ठाण्यात नोंदवला जातो. "आमची हद्द नाही" म्हणाले तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, हद्द कुठलीही असो) नोंद घ्यायला सांगा, तशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, मागून घ्या. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका.

सहावं, भरपाई. गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो तुमच्यासारख्यांसाठीच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. अपघात पुण्याबाहेर झाला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, तो करता येतो. चूक कोणाची हे सिद्ध करायचं नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची ठरलेली रक्कम आहे. गाडी सापडलीच नाही तरी रिकाम्या हाताने परतू नका: कलम १६१ च्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात, अर्ज महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे जातो. औषधांची बिलं, बुडालेल्या पगाराचा दाखला, रिक्षाच्या पावत्या, सायकलचं बिल, सगळं एका पाकिटात ठेवा. तुम्ही राँग साइडने होता किंवा अंधारात बिनदिव्याचे होता हे निघालं तर तुमच्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. वडिलांचा तो हवा सोडणारा पोलीस इथे न्यायालयात भेटतो.

खड्डा, तुटकं झाकण, अडलेला ट्रॅक

यासाठी क्षेत्रीय कार्यालयात किंवा महापालिकेच्या ॲपवर तक्रार करा. फोटोत विजेच्या खांबाचा क्रमांक आला पाहिजे, नाहीतर जागा सापडली नाही असं उत्तर येऊन तक्रार बंद होते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच खांबाजवळ पुन्हा फोटो काढा. माझ्या रस्त्यावरचं एक चेंबर चौथ्या तक्रारीला वर आलं. आता ते रस्त्यापेक्षा दोन इंच उंच आहे, आणि पाचवी तक्रार चालू आहे.